धाकट्या हाताच्या बांगड्या

ये गं, जवळ ये. तिथं उंबऱ्याशी काय उभी राहिलीस? मागच्या खेपेला अशीच उभ्याउभ्या ‘बरं आहे ना सगळं?’ विचारलंस आणि चहा निवायच्या आत निघालीस. मी म्हणाले, बरं आहे. दारातल्या माणसाला दुसरं काय सांगणार? आता आलीस तर मांडी घालून बस, तो फोन पालथा ठेव, आणि मधेमधे ‘मग पुढं?’ करू नकोस. माझं पुढचं माझ्या चालीनं येतं.

आज तुला आरशाचं सांगायचंय.

माझं माहेर वडूजकडचं. तिथं आमच्या घरात वितीएवढा एकच आरसा, खिळ्याला टांगलेला. त्यात एका वेळी अर्धंच तोंड दिसायचं. कुंकू लावलं की संपला संबंध. शाळा चौथीपर्यंत. पुढचं लिहायवाचायचं मी लग्नानंतर पलूसकडं आल्यावर शिकले, तेही यांच्या पत्रांपायी. हे पलटणीत होते, आणि आपल्या नवऱ्याचं पत्र शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची मला लाज वाटायची. तर अशी मी बाई, आणि म्हातारपणी एका आरशासमोर चार महिने बसले.

कारण आमची नात. लेकाची मुलगी, आता नऊ वर्षांची, तेव्हा आठची. सातव्या महिन्यातच आली. महिनाभर सांगलीला काचेच्या पेटीत होती. वर्षाची व्हायला आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, खुळखुळा उजव्या हातात दिला की वाजवते, डाव्यात दिला की पडतो. डावी मूठ कायम मिटलेली, अंगठा आत, मनगट वाकून छातीशी. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या एका भागाला जन्माच्या सुमारासच इजा झालीय, हाताचं हाड-मांस ठीक आहे, पण मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. तो शब्द मी पाटीवर लिहून पाठ केला. बायका विचारायच्या, ‘पोरीला काय झालंय?’ आणि मला ‘काय की बाई’ म्हणायचं नव्हतं.

चालताना डावा पाय जरा चवड्यावर टाकते, पण बोलण्यात मला मागे टाकते. हातांना तिनंच नावं दिलीत. उजवा तो थोरला, डावा तो धाकटा. “थोरला राबतोय आणि धाकटा निजलाय,” असं शाळेचं दप्तर एका हातानं भरताना म्हणायची. भावाभावांच्या घरात असतं तसं.

आता बांगड्यांचं. आमच्याकडे नागपंचमीच्या आधी कासारीण दारात येते. सगळ्या बायकापोरी ओट्यावर बसून बांगड्या भरून घेतात. तुला ठाऊकच आहे, ती हात कसा चोळूनचोळून मऊ करते आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबून काच सरकन पुढं नेते. नातीच्या थोरल्या हाताचं काही अडत नव्हतं. धाकट्याची मूठच उघडत नाही. हात धरला की पोर घाबरते, घाबरली की मूठ आणखी आवळते. सहा वर्षांची होती तेव्हा कासारणीनं जोर लावला, बांगडी वाढली, काच रुतली आणि मनगटावर रक्ताची रेघ आली. तेव्हापासून तो हात भुंडा. सुनेनं उघडझाप करायची कड्याची बांगडी आणून दिली, तर पोरीनं ती कपाटाखाली फेकली. “ही काय बांगडी हाय? ही वाजत न्हाई.”

आणि गेल्या वर्षी परीक्षा झाल्याझाल्या तिनं मला सांगितलं, “आज्जी, यंदाच्या पंचमीला दोन्ही हातांत भरायच्या. काचेच्या. फुगडी खेळताना वाजल्या पाहिजेत.”

मी ‘बघू’ म्हणाले. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तो शब्द परत वापरला नाही.

सांगलीला जिच्याकडे व्यायामाला नेतो ती फिजिओथेरपीची बाई तरुण आहे, माझ्या सुनेहून लहान. तिला मी हे सांगितलं. तिनं हसण्यावारी नेलं नाही. आतून एक आरसा आणला, कडांना चिकटपट्टी लावलेला, आणि टेबलावर पोरीच्या छातीसमोर उभा केला, दोन हातांच्या मधे भिंत घालावी तसा. चकचकीत बाजू उजवीकडे. धाकटा हात आरशामागे, थोरला पुढे. “आता आरशात बघ आणि दोन्ही हात उघड. मागचा उघडला नाही तरी प्रयत्न कर,” म्हणाली.

पोरीनं थोरला उघडला. आणि काय सांगू, जिथं धाकटा असायला हवा तिथंच एक डावा हात, बोटं सरळ, अंगठा बाहेर, फुलासारखा उघडला! मी खुर्चीतून उठून मागे जाऊन बघितलं. मागे मूठ होती ती होतीच. पुढे येऊन बघितलं, हात उघडा. तीनदा गेले-आले.

“आज्जी, बसा,” बाई म्हणाली.

“बसते, पण मला सांग, ह्यानं काय हुतंय? फसवायचं का डोक्याला?”

“थोडं फसवायचंच. डोळ्यांना दिसतं की डावा हात हलतोय, त्यावरून मेंदूतला त्या हाताचा भाग जागा व्हायला मदत होते, असं मानतात. काही मुलांना फायदा होतो, काहींना कमी होतो. बाकीचे व्यायाम चालू ठेवायचेच. मी शब्द देत नाही.”

शब्द देत नाही म्हणाली, म्हणून मला ती पटली. पण पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं.

“उजव्या हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील,” म्हणाली. “काळा दोरापण. दोन्ही हात सारखे दिसले पाहिजेत. नाहीतर तिला तो आपला हात वाटणार नाही.”

“पोरीचा एक हात भुंडा हाय तेवढा पुरं न्हाई व्हय? दुसरा बी करू?”

“आज्जी, थोडे दिवस.”

“बघते,” म्हटलं. बघ, ‘बघू’ गेलं आणि ‘बघते’ आलं.

काढल्या नाहीत मी. आमच्यात कासारीणसुद्धा नवी चढवल्याशिवाय शेवटची जुनी उतरवत नाही, मनगट क्षणभर मोकळं ठेवत नाही. मला वाटलं, दोन काचांनी काय बिघडतंय? मेंदू काय बांगड्या मोजत बसतो? सून शाळेत शिकवायला जाते, लेक फौजेत, म्हणजे दुपारचा हा कारभार माझ्याकडेच. यांनी आरशाला लाकडी पाय करून दिले आणि घड्याळ घेऊन बसले. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी यांना वेळ म्हणजे वेळ.

“हात खोल! हात बंद! खोल! बंद!”

“आबा, मी काय परेडला हाय?” पोर म्हणायची.

“आवाज न्हाई. समोर बघ.”

पुढ्यात बेदाणे ठेवायचो. थोरल्यानं एकेक उचलायचा, आरशात तो धाकटा उचलतोय असं दिसायचं. मागे धाकट्याच्या बोटांशीपण एक बेदाणा असायचा. पोर म्हणायची, उचलणारे दोन दिसतात पण खायला एकच मिळतो.

तीन आठवडे झाले. पोर आनंदानं बसायची, मी खूश. मग माझ्या ध्यानात यायला लागलं की ती हात उघडझाप कमी करते आणि मनगटच हलवते. आरशात बांगड्या नाचताना बघते, हसते. मागचा हात ढिम्म. मी विचारलं, “धाकट्याला सांगतीस न्हवं उघडायला?”

तर म्हणाली, “आज्जी, ह्यो धाकटा माझा न्हाई. ही आरशातली पोरगी हाय. तिच्या धाकट्यात बांगड्या हायत. लय छान दिसतात तिला.”

बाईनं सांगितलं होतं तेच झालं होतं. पोर तीन आठवडे दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताचं कौतुक करत बसली होती, आणि तिला तिथं बसवलं होतं मी.

साबणाचं पाणी केलं, म्हटलं काढू या. तर ही उठून दाराशी.

“मी न्हाई काढणार. दोन्ही भुंडे करून बसू? तू बस की भुंडी.”

आता तू विचार कर. माझं सगळं आयुष्य काच हातात. बाळंतपणातसुद्धा एकेक होती. पोरीनं सहज म्हटलं असेल. मी साबणाच्या पाण्यात आधी माझाच हात घातला. एकेक करून सगळ्या उतरवल्या. सांध्यांवर अडत होत्या, दोन वाढल्या. पोर तोंड उघडं टाकून बघत होती. मग मुकाट्यानं आली आणि तिनं थोरला हात पुढे केला.

हे बाहेरून आले. माझे हात बघितले आणि दारातच थबकले.

“काय गं हे? आमी हाय न्हवं अजून?”

“हायसा की. म्हणून तर काढल्या. नसता तर लोकांनीच उतरवल्या असत्या, मला न इचारता.”

यांनी टोपी काढली, परत घातली. मग खुर्ची ओढून घड्याळ हातात घेतलं. “खोल,” म्हणाले, पण आवाज परेडचा नव्हता.

दोन दिवसांनी शेजारीण ताक घ्यायला आली. माझ्या मनगटांकडे बघून तिचा चेहरा उतरला. हळूच विचारते, “वहिनी... भाऊजी बरे हायत न्हवं?”

आतून हे ओरडले, “हाय, हाय! च्या ठेवाय सांगू का?”

ती बिचारी ताक न घेताच गेली.

आणि माझी खोड तुला माहीत आहे. हात मोकळे झालेच होते, तर मी स्वतः बसले आरशासमोर. माझा डावा हात संधिवातानं आखडलेला, तो मागे. उजवा पुढे. बघत बघत बोटं हलवली. अगं, थोड्या वेळानं मला कळेना कुठला हात कुठला! यांना म्हटलं, मोराचं पीस घ्या आणि माझ्या उजव्या तळव्यावर फिरवा. यांनी फिरवलं, आणि आरशामागे माझ्या डाव्या तळव्यात शिरशिरी आली. कुणी शिवलं नव्हतं तिथं! मी ओरडलेच. मग यांनाही बसवलं. हे म्हणाले, मला काय वाटत न्हाई. पुढच्या क्षणी डावा हात झटकला आणि म्हणाले, मुंगी हाय काय आत? मुंगी कुठली! सगळी दुपार आम्ही दोघं म्हातारे पीस घेऊन बसलो. त्या दिवशी पोरच घड्याळ लावून म्हणाली, “आता माझी पाळी. उठा.”

मोकळ्या हातानं बसायला लागल्यावर फरक दिसला का? लगेच नाही. पण आता ती हसत नव्हती. एकटक बघायची, कपाळाला आठी, आणि थोरला उघडताना मागे धाकट्याचं मनगट जरासं थरथरायचं. सांगलीच्या बाईला मी माझी चूक सांगितली. वाटलं बोलेल. ती म्हणाली, “तुमचेही हात मोकळे दिसतात.” मी म्हटलं, “सोबत म्हणून.” त्या दिवशी तिनं पोरीला दुप्पट वेळ दिला.

आणि मग एक दिवस सगळं बिनसलं. पावसाळी हवा, पोरीला ताप येऊन गेलेला, हात लाकडासारखा. मधेच तिनं मान वळवून आरशामागे डोकावलं. बघायचं नसतं, पण बघितलं. तिथं मूठ, अंगठा आत, नेहमीसारखी. तिनं पुढे बघितलं, मागे बघितलं, आणि आरसा उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

“ह्यो खोटं बोलतोय.”

खोटंच होतं ते. ‘तरी बस’ म्हणायला माझी जीभ रेटेना. आरसा तसाच राहिला. पंचमी पंधरा दिवसांवर.

तिसऱ्या दिवशी मी धुतलेलं नऊवारी लुगडं घडी घालायला घेतलं. नऊवारीची घडी एकट्यानं होत नाही. पोरीला हाक मारली. आमची रीत ठरलेली, ती एक टोक थोरल्या हातात धरते आणि दुसरं दातात. ओढलं की तिचं तोंड असं होतं की मी दरवेळी हसते. त्या दिवशी मी माझी टोकं जुळवली, मान वर केली, तर तिचं तोंड रिकामं. बडबड करत होती, शाळेतल्या कुणा पोरीची तक्रार. आणि दुसरं टोक धाकट्यात. अंगठा आणि बोटांच्या मधे, चिमटीत धरावं तसं, अगदी जेमतेम.

मी श्वास घेतला नाही गं. बोलले तर उडेल, बघितलं तर उडेल. “मग, काय म्हणाली ती पोरगी?” एवढंच विचारलं, भिंतीकडे बघत. दोन घड्या झाल्या. तिसरीला टोक सुटलं आणि जमिनीवर पडलं. तिनं वाकून पाहिलं. टोकाकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं.

“आज्जी, ह्यानं धरलं हुतं?”

“मला काय ठावं? तुझा हात हाय.”

संध्याकाळी आरसा आपल्या जागी होता आणि ही त्याच्यासमोर बसून आबांना हाका मारत होती.

पंचमीच्या आदल्या आठवड्यात कासारीण आली. ओट्यावर बसते न बसते तोच आमच्या दोघींचे हात बघून म्हणाली, “आगं बया! यंदा आजी-नात दोघी भुंड्या? आन् कुणी केलं हे?”

“भर की मग,” मी म्हटलं. “दोघींच्या चारी हातांत भर.”

तिनं पोरीच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. “त्यात नगं बाई. त्या टायमाला रगत निघालं, मला दोन दिस जेवाण ग्वाड लागलं न्हाई. उजव्यात भरते, पैसं बी नगंत.”

मी पोरीकडे बघितलं. पोर आत गेली आणि आरसा घेऊन आली, एका हातानं छातीशी धरून. ओट्यावर पाट ठेवला, पाटावर आरसा मांडला. धाकटा पलीकडे, थोरला अलीकडे. “मावशी, तू आरशाच्या तिकडं बस. मी हिकडं बघणार हाय. मी सांगेन तवाच ढकल.”

कासारणीला काही कळेना. पण बांगड्या भरणाऱ्या बाईला पोरीबाळींचे हट्ट नवे नसतात. ती पलीकडे बसली, तेल घेतलं, हात चोळायला लागली. पोर आरशात बघत होती. थोरला हात तिनं हळूहळू उघडला, बोटं लांब केली, अंगठा सैल सोडला, आणि पुन्हा मिटला. पुन्हा उघडला. ओट्यावरच्या बायका वाकून बघायला लागल्या. हे खांबाला टेकून उभे होते, घड्याळ खिशात.

“आता,” पोर म्हणाली.

मी आरशाकडे बघितलं नाही, मागे बघितलं. मूठ उघडली होती म्हणायला मन धजत नाही. सैल झाली होती. कासारणीनं चार बोटं जुळवली, अंगठा आत दाबला, आणि हिरवी काच हाडावरून गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

“गेली?” पोरीनं आरशातून नजर न काढता विचारलं.

“गेली,” कासारीण म्हणाली.

दुसरीपण गेली. तिसरीला हात थकला, मूठ आवळायला लागली. कासारीण थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. पोरीला डझनभर हव्या होत्या, मला माहीत होतं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, “बास. धाकट्याला दोनच. थोरल्यात बी दोनच घाल.”

“अगं, थोरल्यात डझन बसतील की!”

“मग सारखे कसं दिसणार?”

पंचमीला तिनं फुगडी घातली, चुलत बहिणीबरोबर. मी बारीक नजर लावून बसले होते. धाकटा हात बहिणीनंच मनगटाशी धरला होता, खरं ते सांगते. दोन गिरक्या झाल्या आणि पाय अडखळला, दोघी बसल्या. पण तेवढ्यात बांगड्या वाजल्या. चार बांगड्यांचा आवाज तो केवढा! मी मात्र कान देऊन त्यातला डाव्या हाताचा वेगळा काढत होते, आणि काढलाही.

आता वर्ष होत आलं. त्या दोनातली एक थंडीत वाढली, दुसरी अजून हातात आहे. धाकटा चड्डीची नाडी धरतो, भाकरीचं ताट टेकवून धरतो, कधी मुळीच ऐकत नाही. सांगलीची बाई म्हणते, एवढं झालं ते आरशानं की व्यायामानं की वाढत्या वयानं, नक्की सांगता यायचं नाही. मलाही नाही येत. दुपारी कुणी नसताना मी अजून कधीकधी त्या आरशासमोर बसते आणि माझ्या आखडलेल्या बोटांकडे नवलानं बघते.

यंदा पोरीनं तीन म्हणून ठरवलंय. गेल्या वेळी पाट हलत होता, यंदा आरसा धरायला एक माणूस लागणार आहे, आणि तिनं तुझं नाव घेतलंय. यांचे हात आता कापतात, आणि मला मागे काय चाललंय ते बघायचं असतं. तेव्हा कासारीण यायच्या आधी ये, पंचमीला आठ दिवस तरी असताना. तुझा हातपण घालून बघू त्या आरशामागे. पीस जपून ठेवलंय. फक्त हातातलं सगळं काढून बसावं लागेल, आधीच सांगते. लवकर ये.